इल्या मेचनिकोव्ह : उपजत प्रतिकारशक्तीचे आद्य संशोधक

पायात काटा मोडला की काही तासांतच ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. काटा वेळीच निघाला नाही तर त्याचा नायटा होतो, हे मराठी माणसाला म्हणीतूनच ठाऊक असते. परंतु ही सूज म्हणजे रोग आहे की रोगावरचा शरीराचा इलाज, हा प्रश्न वैद्यकाला शतकानुशतके सुटला नव्हता. त्याचे पहिले समाधानकारक उत्तर एका प्राणिशास्त्रज्ञाने दिले. वैद्यकाची पदवी नसलेल्या या संशोधकाने समुद्रातील एका चिमुकल्या जिवाच्या शरीरात गुलाबाचा काटा खुपसला आणि पुढे काय होते ते पाहण्यासाठी रात्र जागून काढली. त्यांचे नाव इल्या इलिच मेचनिकोव्ह. जन्मतःच लाभणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा पाया त्यांनी घातला. या कार्यासाठी 1908 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत देण्यात आले. मधुमेह, हृदयविकार, संधिवात यांसारख्या दीर्घकालीन व्याधींच्या मुळाशी जुनाट दाह असल्याचे आज स्पष्ट होत असताना मेचनिकोव्ह यांचे जीवन आणि त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न नव्याने अभ्यासण्याजोगा ठरतो.

बालपण आणि शिक्षण

मेचनिकोव्ह यांचा जन्म मे 1845 मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या शाही रक्षकदलातील अधिकारी आणि जमीनदार होते. आई एमिलिया ज्यू वंशाच्या, सुसंस्कृत घराण्यातील होत्या. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. थोरले बंधू लेव्ह पुढे भूगोलतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. दुसरे बंधू इव्हान न्यायखात्यात अधिकारी होते. त्यांच्या आजारपणावरून आणि मृत्यूवरून लिओ टॉलस्टॉय यांना इव्हान इलिचच्या मृत्यूची प्रसिद्ध कथा सुचली.

लहानग्या इल्याला वनस्पती आणि प्राणी यांचे विलक्षण वेड होते. भावंडांना आणि गावातील मुलांना जमवून तो निसर्गविज्ञानावर व्याख्याने देई आणि श्रोते टिकावेत म्हणून स्वतःच्या खाऊच्या पैशांतून त्यांना मोबदलाही देई. खारकोव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांतच पूर्ण केला. त्यानंतर उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेट, जर्मनीतील गीसेन, गटिंगेन आणि म्युनिक, तसेच इटलीतील नेपल्स येथे त्यांनी सागरी जिवांचा अभ्यास केला. गीसेन येथे 1865 मध्ये एका चपट्या कृमीचे निरीक्षण करताना त्यांना असे दिसले की, त्या जिवाच्या पेशी अन्नकण आपल्या पोटात ओढून घेऊन तेथेच पचवितात. ही साधी नोंद पुढे त्यांच्या साऱ्या सिद्धांताचे बीज ठरली. नेपल्समध्ये अलेक्झांडर कोव्हालेव्हस्की यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणविकासावरील कार्याबद्दल दोघांना मिळून 1867 मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर पारितोषिक लाभले. त्या वेळी मेचनिकोव्ह अवघ्या बावीस वर्षांचे होते. वयाच्या पंचविशीतच, म्हणजे 1870 मध्ये, ते ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

दुःखाची वर्षे

विद्वत्तेच्या क्षेत्रात यश मिळत असतानाच त्यांचे खासगी जीवन मात्र दुःखाने ग्रासले होते. 1869 मध्ये त्यांनी लुडमिला फेओदोरोविच यांच्याशी विवाह केला. वधू क्षयाने इतकी क्षीण झाली होती की, विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पत्नीला उबदार हवा मिळावी म्हणून मेचनिकोव्ह यांनी अनेक ठिकाणे धुंडाळली, लेखन आणि भाषांतरे करून पैसा उभा केला, तरीही 1873 मध्ये मदेरा बेटावर लुडमिला यांचे निधन झाले. या आघाताने खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते बचावले.

1875 मध्ये त्यांनी विद्यार्थिदशेतील ऑल्गा बेलोकोपितोव्हा यांच्याशी दुसरा विवाह केला. ऑल्गा पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतील सहकारी झाल्या आणि पतीच्या निधनानंतर त्यांनी त्यांचे चरित्रही लिहिले. परंतु 1880 मध्ये ऑल्गा यांना विषमज्वराने गाठले. त्याच सुमारास विद्यापीठातील राजकीय तणाव, स्वतःची बिघडलेली प्रकृती आणि डोळ्यांचा त्रास यांनी मेचनिकोव्ह पुन्हा निराशेच्या गर्तेत गेले. त्यांनी स्वतःला उलटणाऱ्या तापाचे जंतू टोचून घेतले. आपला मृत्यू निदान शास्त्राच्या उपयोगी पडावा, असा विचार त्यामागे होता. दीर्घ आणि गंभीर आजारानंतर त्यांचे शरीर त्या जंतूंवर मात करून उठले. या आजारानंतर त्यांच्या स्वभावात मोठा पालट झाला. जीवनाविषयीची विरक्ती मावळली आणि तिची जागा दुर्दम्य आशावादाने घेतली.

मेसिना येथील प्रयोग

झार दुसरा अलेक्झांडर याची 1881 मध्ये हत्या झाल्यानंतर रशियात दडपशाहीचे पर्व सुरू झाले. विद्यापीठातील वातावरण असह्य झाल्याने मेचनिकोव्ह यांनी 1882 मध्ये प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. ऑल्गा यांच्या आईवडिलांच्या निधनानंतर त्यांच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी या दांपत्यावर आली होती. या सर्व परिवारासह ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेले. सामुद्रधुनीच्या काठावरील घराच्या दिवाणखान्यातच त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली.

त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरातील मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली होती. मेचनिकोव्ह घरी एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या डिंभाचे, म्हणजे त्याच्या बाल्यावस्थेतील रूपाचे, निरीक्षण करीत होते. काचेसारख्या पारदर्शक अशा त्या जिवाच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे संचार करताना दिसत होत्या. या फिरत्या पेशी अन्न पचविण्यास मदत करतात, हे त्यांना माहीत होते. त्या क्षणी त्यांच्या मनात आले की, ज्या पेशी अन्नकण गिळतात त्याच बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील. तसे असेल तर या जिवाच्या अंगात एखादी कुसळी शिरताच, माणसाच्या बोटात काटा मोडल्यावर जशी सूज येते, तशा त्या पेशी तिच्याभोवती जमल्या पाहिजेत.

घरालगतच्या छोट्या बागेत मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून संत्र्याच्या जातीचे एक रोप सजविलेले होते. त्याच बागेतून त्यांनी गुलाबाचे काही काटे आणले आणि डिंभाच्या पारदर्शक त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. भल्या पहाटे त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा फिरत्या पेशींनी काट्याला चोहोबाजूंनी वेढलेले दिसले.

या साध्या प्रयोगाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळची समजूत ध्यानात घ्यावी लागते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदविली होती. एकोणिसाव्या शतकात दाह हा रक्तवाहिन्यांचा बिघाड समजला जाई. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, हे युलियस कोनहाइम यांनी दाखविले होते, पण तो त्या बिघाडाचा परिणाम मानला गेला. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू आढळत. पण त्यावरून त्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवितात, असाच अर्थ बहुतेक वैद्य काढीत. तारामाशाच्या डिंभात मात्र रक्तवाहिन्याच नसतात. तरीही काट्याभोवती पेशींचा गराडा पडला. म्हणजेच दाहाचे मर्म रक्तवाहिन्यांत नसून या भक्षक पेशींच्या हालचालीत आहे आणि ती हालचाल बिघाडाची नसून बचावाची आहे, असा निष्कर्ष मेचनिकोव्ह यांनी काढला. रोग आणि उपचार यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच त्यामुळे पालटली.

विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो त्या काळात मेसिनाला आले होते. त्यांनी हे प्रयोग पाहून उत्तेजन दिले आणि सावधगिरीचा सल्लाही दिला. परतीच्या वाटेवर व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक भाषेतून फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव सुचविले. 1884 मध्ये मेचनिकोव्ह यांनी गोड्या पाण्यातील डॅफ्निया या पाणपिसूवरील संशोधन प्रसिद्ध केले. सुईसारखे बीजाणू असलेली एक बुरशी या जिवाला ग्रासते. पाणपिसूच्या भक्षक पेशींनी बीजाणू गिळून नष्ट केले तर ती जगते आणि बीजाणू त्यांना पुरून उरले तर ती मरते, हे त्यांनी दाखवून दिले. संसर्ग म्हणजे जंतू आणि पेशी यांच्यातील झुंज आहे, हे प्रथमच डोळ्यांनी पाहता आले.

ओडेसा ते पॅरिस

लुई पाश्चर यांनी 1885 मध्ये रेबीजवरील लस माणसावर यशस्वी करून दाखविल्यानंतर ओडेसा येथे 1886 मध्ये तशीच लस देणारी जंतुशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालकपद मेचनिकोव्ह यांच्याकडे आले. मात्र वैद्यकाची पदवी नसल्याने स्थानिक डॉक्टरांनी त्यांना सातत्याने विरोध केला. अशातच ते रजेवर असताना सहकाऱ्यांनी मेंढ्यांना काळपुळीची लस टोचली आणि त्यात हजारो मेंढ्या दगावल्या. प्रशासकीय कामात आपले शास्त्र गुदमरते आहे, हे त्यांनी ओळखले आणि परदेशात जागा शोधण्यास प्रारंभ केला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्यांचे थंडेपणाने स्वागत केले. पॅरिसमध्ये पाश्चर यांनी मात्र आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली. 1888 पासून अखेरच्या श्वासापर्यंत मेचनिकोव्ह पाश्चर संस्थेत राहिले. तेथे त्यांना एली या फ्रेंच नावाने ओळखले जाऊ लागले.

पेशी की रक्तजल

पॅरिसमध्ये त्यांना तीव्र शास्त्रीय विरोधाला तोंड द्यावे लागले. 1890 मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पाच्या विषांना निष्प्रभ करणारे घटक रक्तजलात असल्याचे सिद्ध केले. प्रतिकारशक्ती पेशींत नसून रक्तजलातील द्रव्यांत असते, असे मानणारा जर्मन शास्त्रज्ञांचा पक्ष त्यामुळे बळावला. 1894 मध्ये रिचर्ड फायफर यांनी लस टोचलेल्या गिनीपिगच्या पोटातील द्रवात पटकीचे जंतू पेशींच्या मदतीशिवाय विरघळतात, असे दाखविले. मेचनिकोव्ह यांच्या सिद्धांतावर हा मोठा आघात होता.

मेचनिकोव्ह हे वादात हिरिरीने उतरणारे गृहस्थ होते. प्रत्येक आक्षेपाला ते नव्या प्रयोगाने उत्तर देत. परंतु त्यांच्याच प्रयोगशाळेतील तरुण बेल्जियन संशोधक ज्यूल बोर्दे यांनी 1895 मध्ये रक्तजलातील जंतुनाशक क्रियेचा उलगडा केला. हे संशोधन गुरूच्या मताला मुरड घालणारे होते, तरी ते पाश्चर संस्थेच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बोर्दे यांना पुढे 1919 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अखेर 1903 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ अल्मरोथ राइट आणि त्यांचे सहकारी स्टुअर्ट डग्लस यांनी दोन्ही पक्षांमध्ये दुवा सांधला. हेच राइट काही वर्षांपूर्वी भारतातील प्लेग आयोगाचे सदस्य होते. रक्तजलातील काही द्रव्ये जंतूंना चिकटून त्यांना भक्षक पेशींसाठी जणू चविष्ट करतात, असे त्यांनी दाखविले. पेशी आणि रक्तजल हे प्रतिस्पर्धी नसून सहकारी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. 1908 चे नोबेल पारितोषिक भक्षक पेशींचे पुरस्कर्ते मेचनिकोव्ह आणि रक्तजलातील प्रतिपिंडांचे भाष्यकार एर्लिख यांना एकत्र दिले गेले, यात हाच समन्वय प्रतिबिंबित झाला.

याच काळात मेचनिकोव्ह यांनी पाश्चर संस्थेत दाहावर दिलेली व्याख्याने 1892 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकपेशीय जिवांपासून माणसापर्यंत प्राणिसृष्टीच्या पायऱ्या चढत त्यांनी दाहाची उत्क्रांती मांडली. 1901 मध्ये संसर्गजन्य रोगांतील प्रतिकारशक्तीवरील त्यांचा बृहद्ग्रंथ प्रकाशित झाला. भक्षक पेशींचे लहान आणि मोठे असे दोन प्रकारही त्यांनीच केले. त्यांपैकी मोठ्या पेशींसाठी त्यांनी योजलेले मॅक्रोफेज हे नाव आजही रूढ आहे.

हाफकिन आणि मुंबईचा प्लेग

मेचनिकोव्ह यांच्या कार्याचा भारताशी थेट संबंध येतो तो त्यांचे ओडेसा येथील विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांच्यामुळे. ज्यू असलेल्या आणि झारच्या राजवटीविरुद्धच्या चळवळीत ओढल्या गेलेल्या हाफकिन यांना अटक झाली, तेव्हा मेचनिकोव्ह यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली. पुढे पाश्चर संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाचे साधे पद मिळवून हाफकिनही पॅरिसला पोहोचले आणि फावल्या वेळात संशोधन करू लागले. 1892 मध्ये त्यांनी पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते कोलकात्यात आले आणि त्यांनी देशाच्या अनेक भागांत हजारो लोकांना ही लस दिली.

1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत अहोरात्र खपून त्यांनी मारलेल्या जंतूंपासून प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी तीही आधी स्वतःच्या अंगावर आजमावली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 1899 मध्ये सुरू झालेली त्यांची प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. ओडेसातील अध्यापकाने आपल्या अडचणीतील विद्यार्थ्याला दिलेला आधार अशा रीतीने मुंबईच्या आणि देशाच्या आरोग्याच्या इतिहासात फळाला आला.

रक्षकच भक्षक होतात तेव्हा

1903 मध्ये मेचनिकोव्ह आणि एमिल रू यांनी उपदंश हा रोग चिंपांझीमध्ये संक्रमित करून दाखविला. त्यामुळे माणसापलीकडे त्या रोगाचा प्रायोगिक अभ्यास शक्य झाला. संसर्गानंतर लगेच पाऱ्याच्या क्षारापासून बनविलेले मलम चोळल्यास रोग टळू शकतो, असेही त्यांनी प्रतिपादन केले. पॉल मेझोनव्ह या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1906 मध्ये या मलमाच्या परीक्षेसाठी स्वतःला उपदंशाचे जंतू टोचून घेतले आणि तो निरोगी राहिला. त्या काळात अशी धाडसे नवी नव्हती. 1892 मधील पटकीच्या साथीच्या वेळी मेचनिकोव्ह स्वतः त्या जंतूंचे मिश्रण प्याले होते. त्यांना काही झाले नाही. परंतु अशाच प्रयोगात एका स्वयंसेवकाची प्रकृती गंभीर झाली. आजच्या नीतिनियमांत असे प्रयोग बसणार नाहीत. मात्र एकच जंतू एकाला अपाय करतो आणि दुसऱ्याला करीत नाही, या अनुभवातून आतड्यातील इतर जंतूंच्या भूमिकेकडे त्यांचे लक्ष वेधले गेले.

आयुष्याच्या उत्तरार्धात वृद्धत्व हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय झाला. वार्धक्याच्या अभ्यासाला जेरोंटॉलॉजी हे नाव त्यांनीच 1903 मध्ये दिले. त्यांच्या मते वृद्धत्व ही अपरिहार्य झीज नसून एक प्रकारची जुनाट व्याधी होती. मोठ्या आतड्यातील सडण्याच्या क्रियेतून विषारी द्रव्ये तयार होतात, ती शरीरातील मौल्यवान पेशींना दुर्बळ करतात आणि मग जन्मभर रक्षण करणाऱ्या भक्षक पेशीच त्या दुर्बळ पेशींवर तुटून पडतात, अशी त्यांची उपपत्ती होती. केस पांढरे होण्याचे कारणही त्यांनी रंगकण खाणाऱ्या पेशींमध्ये शोधले.

या विचारातूनच त्यांनी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. जिनिव्हा येथे शिकणारे बल्गेरियन वैद्य स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी 1905 मध्ये बल्गेरियातील दह्यातून एक विशिष्ट जिवाणू वेगळा केला. हा जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतो आणि आम्लामुळे सडण्याची क्रिया रोखली जाते, असे मेचनिकोव्ह यांचे मत होते. ते स्वतः रोज आंबट दूध घेत. त्यांच्या नावाच्या वलयामुळे युरोपात दह्याची लाटच आली आणि दह्याच्या गोळ्यांचा व्यापारही फोफावला. दही-ताक ज्यांच्या रोजच्या पानात असते, त्या भारतीयांना यात नवल वाटणार नाही. परंतु दह्याने आयुष्य लांबते, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. मोठे आतडे हा अनावश्यक आणि घातक अवयव आहे, हे त्यांचे मत तर चुकीचे ठरले. लंडनचे शल्यविशारद आर्बथ्नॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्याचा जो सपाटा लावला, त्यामागे अशाच विचारांचे पाठबळ होते. थोर शास्त्रज्ञाचे अर्धवट सिद्ध झालेले मत व्यवहारात किती अनर्थ घडवू शकते, याचा हा धडा आहे.

अखेरची वर्षे

1909 मध्ये मेचनिकोव्ह यांनी यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांची भेट घेतली. श्रद्धेत उत्तर शोधणारा साहित्यिक आणि विज्ञानात उत्तर शोधणारा संशोधक यांच्या या भेटीची युरोपभर चर्चा झाली. 1911 मध्ये वयाच्या पासष्टीनंतरही ते क्षय आणि प्लेग यांच्या अभ्यासासाठी काल्मिक लोकांच्या गवताळ प्रदेशात मोहीम घेऊन गेले.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि पाश्चर संस्थेतील तरुण संशोधक रणांगणावर गेले. प्रयोगशाळा ओस पडल्या. माणुसकीच्या प्रगतीवर विज्ञानाच्या आधारे विश्वास ठेवणाऱ्या मेचनिकोव्ह यांना हा विनाश जिव्हारी लागला. त्यांचे हृदय दुर्बळ होत गेले. आजारपणातही ते स्वतःच्या लक्षणांची नोंद शास्त्रज्ञाच्या तटस्थतेने करीत होते. पाश्चर यांच्या पूर्वीच्या निवासस्थानी त्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था करण्यात आली आणि तेथेच जुलै 1916 मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा कलश आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

शंभर वर्षांनंतरचा प्रश्न

मेचनिकोव्ह यांच्या निधनानंतर अनेक दशके प्रतिकारशास्त्राचा भर प्रतिपिंडांवर आणि जंतूंची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशींवर राहिला. भक्षक पेशी शत्रूला ओळखतात कशा, या प्रश्नाकडे 1989 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी पुन्हा लक्ष वेधले. फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने 1996 मध्ये फळमाशीत आणि अमेरिकेत ब्रूस ब्युटलर यांच्या गटाने 1998 मध्ये उंदरात ही ओळख पटविणारी यंत्रणा शोधून काढली. या दोघांना 2011 मध्ये राल्फ स्टाइनमन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. माशी आणि सस्तन प्राणी यांच्यात एकाच घडणीची संरक्षक यंत्रणा आढळावी, यातून मेचनिकोव्ह यांची उत्क्रांतीची दृष्टी खरी ठरली.

त्यांचा दुसरा विचार, म्हणजे रक्षक पेशीच घातक ठरू शकतात हा, आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज गिळतात, फुगतात आणि तेथेच अडकून पडतात. त्यातून वाहिनी अरुंद करणारा थर वाढत जातो. संधिवातात याच पेशींतून स्रवणारी द्रव्ये सांध्याचे अस्तर आणि हाड पोखरतात. वातरक्तात, म्हणजे गाउटमध्ये, युरिक आम्लाचे स्फटिक भक्षक पेशींना चेतवितात. काटा कधीच निघत नाही आणि बचावाची क्रिया कधीच थांबत नाही, अशी ही अवस्था असते. वार्धक्यातील मंद, अखंड दाहाची संकल्पना इटालियन संशोधक क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 मध्ये मांडली. तिचे मूळ सूत्र मेचनिकोव्ह यांच्या लेखनात आढळते, जरी त्यांनी दिलेली कारणमीमांसा आज मान्य नाही.

औषधशास्त्रापुढील पेच याच ठिकाणी आहे. ॲस्पिरिन दाह कसा शमविते, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये उलगडले. त्यानंतर दाहाच्या एकेका दुव्यावर नेमका घाव घालणारी औषधे तयार झाली. संधिवातावर प्रभावी ठरलेल्या अशा काही औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षय पुन्हा जागा होऊ शकतो, कारण क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम याच पेशी करीत असतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात म्हणूनच ही औषधे देण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक मानली जाते. 2017 मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील एका चाचणीत, कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह शमविल्याने हृदयविकाराचे झटके घटले. परंतु जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण काहीसे वाढले. दाह पूर्णपणे विझवावा तर जंतूंना मोकळे रान मिळते आणि तसाच धुमसत ठेवावा तर शरीर आतून झिजते. तो किती आणि केव्हा शमवावा, याचे गणित अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही.

मेचनिकोव्ह यांनी मेसिना येथे पाहिलेली ती पेशींची हालचाल आज जगभरातील औषधशास्त्र विभागांत अभ्यासली जात आहे. त्यांची अनेक मते कालौघात टिकली नाहीत. परंतु सूज हा शरीराचा पराभव नसून त्याचा पहिला प्रतिकार आहे, हे त्यांचे प्रतिपादन अबाधित राहिले. दोनदा मृत्यूच्या वाटेवर गेलेल्या या संशोधकाने उर्वरित आयुष्य सजीवाच्या स्वसंरक्षणाच्या सामर्थ्याचा शोध घेण्यात वेचले आणि त्या सामर्थ्याला मर्यादा असतात, हेही आपल्या लेखनातून नोंदवून ठेवले.